बोट गेली, आता गाड्या येणार: डिस्नेचे चाहते नेमके कशावरून भांडतात?

इअरफोन घरी राहिले असतील, ऑफिसात आवाज लावता येत नसेल, किंवा तुम्हाला वाचणंच बरं वाटत असेल, तर हा या भागाचा मजकूर. बोलल्यासारखाच ठेवलाय. फक्त माझे "अं… म्हणजे… ते काय म्हणतात" एवढे काढून टाकलेत, नाहीतर पान दुप्पट झालं असतं.

विषय तसा लांबचा आहे. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कमध्ये गेली काही वर्षं जुन्या राइड बंद करून त्यांच्या जागी अ‍ॅनिमेशन सिनेमांवरच्या राइड बांधायचं काम जोरात चालू आहे. आणि या पार्कचे जे कट्टर चाहते आहेत ना, ते त्यावरून एकमेकांच्या उरावर बसलेत. मी स्वतः तिथे कधी गेलेली नाही. पण रात्री बिल्ड लागलेला असताना यूट्यूबवर पहिल्या रांगेत बसून काढलेले राइडचे व्हिडिओ बघायची मला सवय आहे. कॉलेजपासूनची. इंजिनियरला त्यात दोन्ही मिळतं, मशीन पण आणि गोष्ट पण. तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी हे व्हिडिओ बघितलेत, खोटं बोलू नका.

आधी एक शब्द सांगते, कारण या भांडणात तो दर वाक्यात येतो: आयपी. आपल्याला एकतर आयपी अ‍ॅड्रेस आठवतो नाहीतर आयपीएल. इथे त्याचा अर्थ बौद्धिक संपदा. म्हणजे आधीच लोकप्रिय झालेलं, कुणाच्या तरी मालकीचं पात्र किंवा सिनेमा. एल्सा म्हणजे आयपी. 'कार्स'मधला लाइटनिंग मॅक्वीन म्हणजे आयपी. एक गट म्हणतो, पार्कवाल्यांनी स्वतःचं डोकं लढवावं, सिनेमाची पोस्टरं राइडवर चिकटवू नयेत. दुसरा गट म्हणतो, अहो, पोरं येतात कुणासाठी? एल्सासाठी. मग तिलाच दाखवा की.

मला हे भांडण जितकं बघावं तितकं वाटत गेलं की कार्टून हा मूळ मुद्दा नाहीच. पण ते दाखवायला जरा मागे जावं लागेल.

१७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात पहिलं डिस्नेलँड उघडलं. तेव्हापासूनच तिथे स्नो व्हाइटची राइड होती, पीटर पॅनची होती, मिस्टर टोडची होती. सगळ्या अ‍ॅनिमेशन सिनेमांवरच्या. त्याहून गंमत म्हणजे मधोमध उभा असलेला किल्ला. तो 'स्लीपिंग ब्यूटी'चा किल्ला, आणि तो सिनेमा आला १९५९ मध्ये! म्हणजे चार वर्षं लोक एका न आलेल्या सिनेमाच्या सेटसमोर फोटो काढत होते. त्यामुळे "पूर्वी पार्क शुद्ध होतं, आता सिनेमावाल्यांनी बाटवलं" असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. शुद्ध कधी नव्हतंच.

पण त्याच पार्कात १९६७ मध्ये 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' आली आणि १९६९ मध्ये 'हाँटेड मॅन्शन'. दोन्हींच्या मागे एकही सिनेमा नव्हता. उलट पायरेट्सच्या राइडवरून २००३ मध्ये सिनेमा निघाला, तो गाजला, आणि मग २००६ मध्ये जॅक स्पॅरोचे पुतळे राइडमध्ये आणून बसवले. राइडचा सिनेमा, सिनेमाची पुन्हा राइड. चाहत्यांच्या मनात हा काळ सोन्याचा आहे, आणि ते मला पटतं. ज्या माणसांनी या राइड रचल्या त्यांना कुठल्याही सिनेमाची पटकथा पाळायची नव्हती.

आता पहिलं मोठं आंदोलन. हो, आंदोलनच. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्येही मिस्टर टोडची राइड होती. टोड म्हणजे गाडी बेफाम चालवणारा एक बेडूकराव. राइडच्या शेवटी तुमची गाडी रेल्वेला धडकते आणि तुम्ही थेट नरकात जाता. लाल दिवे, छोटी छोटी भुतं. लहान मुलांच्या राइडमध्ये! १९४९ च्या मूळ सिनेमात हा नरक नाही, तो राइड बनवणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने घातला. १९९७ मध्ये बातमी आली की ही राइड काढून तिथे 'विनी द पू' येणार. चाहते हिरवे टी-शर्ट घालून पार्कात जमायला लागले, शांतपणे, तिकीट काढून. धरणं म्हणा ना. उपयोग झाला नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये टोड गेला आणि पुढच्या वर्षी अस्वल आलं.

आता बघा, टोडही कार्टूनच होता आणि पूही कार्टूनच. कार्टूनच्या जागी कार्टून आलं. तरी लोक का चिडले? कारण त्यांची एक ओळखीची जागा गेली. या सगळ्या वादाची किल्ली मला इथे सापडते.

डिस्नेवाल्यांनी मात्र एक गोड गोष्ट केली. पूच्या राइडमध्ये भिंतीवर एक चित्र लावलंय, त्यात टोड घराची कागदपत्रं घुबडाच्या हातात देतोय. रीतसर खरेदीखत! आणि बाजूच्या हाँटेड मॅन्शनबाहेर पाळीव प्राण्यांची स्मशानभूमी आहे, तिथे टोडचा पुतळा ठेवलाय. जुना कोड काढताना कमेंटमध्ये आधीच्या माणसाचं नाव ठेवावं, तसं वाटतं मला ते.

तसं कंपनीला पाऊल मागे घेता येतच नाही असंही नाही. मॅजिक किंगडममध्ये गाणाऱ्या पक्ष्यांचा 'टिकी रूम' नावाचा जुना खेळ आहे. १९९८ मध्ये त्यात 'अलादीन'मधला इयागो पोपट आणि 'लायन किंग'मधला झाझू घुसवले. खेळाचं नाव काय ठेवलं असेल? "नवीन व्यवस्थापनाखाली". चाहत्यांनी तेरा वर्षं नाकं मुरडली. मग जानेवारी २०११ मध्ये तिथे छोटी आग लागली, खेळ बंद झाला, आणि त्याच वर्षी उघडला तो जुनाच खेळ घेऊन. इयागो आणि झाझू गायब. चाहते आजही म्हणतात की देवांनीच रोलबॅक मारला.

यापुढचं प्रकरण नॉर्वेचं. एपकॉट नावाचं पार्क आहे, तिथे एका तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत. जपान, मोरोक्को, मेक्सिको असे. नॉर्वेच्या विभागात १९८८ मध्ये 'मेलस्ट्रॉम' नावाची बोटीची राइड आली. व्हायकिंग, तीन डोक्यांचा राक्षस, बोट अचानक उलटी मागे जाते, मग वादळी समुद्रात तेलविहिरीचा मनोरा. हो, तेलविहीर. देशाची ओळख करून द्यायची तर तीही हवीच. शेवटी नॉर्वेवर पाचेक मिनिटांची फिल्म. लोक ती टाळून दुसऱ्या दाराने पळायचे, तो भाग वेगळा.

ऑक्टोबर २०१४ मध्ये ही राइड बंद केली आणि जून २०१६ मध्ये तिथे 'फ्रोझन'ची राइड उघडली. त्याच बोटी, तोच पाण्याचा मार्ग. आत एल्सा, अ‍ॅना, ओलाफ. आणि फ्रोझन घडतं कुठे? अरेंडेलमध्ये. म्हणजे नसलेल्या देशात. अकरा खऱ्या देशांच्या रांगेत एका देशाची मुख्य राइड एका खोट्या राज्याची झाली. इथे मी चाहत्यांच्या बाजूने आहे, पूर्णपणे. राइड सुंदर आहे, मुली एल्साला बघून किंचाळतात, कबूल. पण पाहुणा आला आणि यजमानालाच घराबाहेर बसवलं, असं झालं ते.

शिवाय एक तांत्रिक घोळ, तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. समजा एका बोटीत सोळा माणसं बसतात आणि दर अर्ध्या मिनिटाला बोट सुटते. तासाला १२० बोटी, म्हणजे १,९२० माणसं. बोट मिनिटाला एक सुटली तर निम्मी, ९६०. बस्स. हा आकडा ठरतो रूळ, बोटी आणि चढ-उतार करायला लागणारा वेळ यांवर. आत एल्सा बसवा नाहीतर शाहरुख बसवा, आकडा वाढत नाही. इथे ऑटोस्केलिंग नसतं! नॉर्वेची राइड बघायला जेवढे लोक यायचे त्या हिशोबाच्या पाइपमधून जगातल्या सगळ्यात लोकप्रिय सिनेमाची गर्दी सोडली. मग रांग तासन्‌तास लागणार नाही तर काय?

आता स्प्लॅश माउंटन. हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

स्प्लॅश माउंटन १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात उघडली. टोनी बॅक्स्टर नावाच्या डिझायनरची कल्पना. ओंडक्याच्या आकाराच्या होडीत बसायचं, गाणारे प्राणी बघत फिरायचं आणि शेवटी सुमारे पन्नास फुटांवरून धाडकन पाण्यात. आतले बरेचसे प्राणी 'अमेरिका सिंग्ज' या बंद पडलेल्या खेळातून उचललेले. म्हणजे रीयूझ केलेला कोड. नावही गंमतीशीर पद्धतीने आलं. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख मायकल आयस्नर यांना त्यांच्या 'स्प्लॅश' या जलपरीच्या सिनेमाची जाहिरात व्हावी असं वाटत होतं, म्हणून हे नाव. राइडचा त्या सिनेमाशी काडीचा संबंध नाही.

संबंध होता तो १९४६ च्या 'साँग ऑफ द साउथ'शी. त्यातल्या चलाख सशाच्या गोष्टी राइडमध्ये होत्या. या गोष्टी मुळात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी एकमेकांना सांगितलेल्या. सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा आपला पंचतंत्रातला ससा आठवा, त्याचाच लांबचा भाऊ वाटतो हा. गोष्टी उत्तम. पण सिनेमाने गुलामगिरीनंतरच्या काळातलं मळ्यावरचं आयुष्य असं गोडगुलाबी दाखवलं की प्रदर्शित झाला तेव्हाच कृष्णवर्णीयांच्या संघटनेने त्यावर आक्षेप घेतला होता. प्रमुख भूमिका केलेल्या जेम्स बॅस्केट यांना अटलांटातल्या पहिल्या खेळाला हजर राहता आलं नाही, कारण त्या शहरात वर्णभेद पाळला जात होता. स्वतःच्या सिनेमाच्या प्रीमियरला! डिस्नेने हा सिनेमा अमेरिकेत कधी कॅसेटवर आणला नाही, डीव्हीडीवर नाही, स्ट्रीमिंगवर नाही. पण त्यावरची राइड मात्र तीस वर्षं जोरात चालली.

जून २०२० मध्ये जाहीर झालं की राइड बदलून 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग'वर आधारित होणार. म्हणजे टियाना, डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. फ्लोरिडातली स्प्लॅश माउंटन जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली आणि 'टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर' जून २०२४ मध्ये उघडली. कॅलिफोर्नियातली त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये.

बदलायला हवी होती का? माझ्या मते हवी होती. ज्या सिनेमाला तुम्ही स्वतः तिजोरीत कुलूप लावून ठेवता, त्याची गाणी रोज हजारो लोकांना ऐकवायची, हे टिकणारं नव्हतं. आणि टियाना छान पात्र आहे. आयतं राज्य मिळालेली मुलगी नाही ती, कष्ट करून स्वतःचं हॉटेल काढणारी आहे. न्यू ऑर्लिन्सच्या प्रसिद्ध शेफ लेआ चेस यांच्यावरून हे पात्र सुचलं होतं.

पण राइड कशी झाली? इथे गडबड आहे. गोष्ट अशी: टियानाला मार्डी ग्राच्या उत्सवाची मेजवानी द्यायची आहे, वादक कमी पडतायत, तुम्ही तिच्याबरोबर दलदलीत वादक प्राणी शोधायला जाता. मधे मामा ओडी तुम्हाला बेडकाएवढं लहान करते, शेवटच्या उडीत तुम्ही परत मोठे होता. संगीत झकास. हलणारे पुतळे इतके जिवंत की मी व्हिडिओ मागे-पुढे करून बघितला. आणि दलदलीत डोंगर कुठून आला? तर जमिनीखालून वर आलेला मिठाचा घुमट आहे तो! लुइझियानात असे घुमट खरोखर आहेत, अभ्यास केलाय लोकांनी.

पण भीती कुठंय? जुन्या राइडमध्ये कोल्हा सशाला पकडायचा, वर गिधाडं बसलेली असायची, आणि मग उडी. पोटात गोळा यायला कारण असायचं. इथे सिनेमातला खलनायक डॉक्टर फॅसिलिए नाहीच. वादक सापडले नाहीत तर काय होणार? पार्टीला जरा कमी वाजंत्री. एवढ्यासाठी कुणी पन्नास फुटांवरून उडी मारतं का? त्यात सुरुवातीच्या महिन्यांत राइड सारखी बंद पडत होती.

आता खरी अडचण ऐका. "राइडच्या गोष्टीत दम नाही" असं कुणी म्हटलं की दुसरा लगेच म्हणतो, तुला टियाना कृष्णवर्णीय आहे म्हणून खुपतंय. आणि खरंच काही लोकांना त्याचसाठी खुपत होतं, ते लपूनही राहिलेलं नव्हतं. दुसरीकडे, "मला आवडली" म्हणायचीही चोरी, म्हणे तू कंपनीची तळी उचलतोस. मधल्या मधे साधी समीक्षा मेली. मला याचं सगळ्यात वाईट वाटतं. एखादी कृती योग्य कारणासाठी केलेली असू शकते आणि तरी ती अर्धवट शिजलेली असू शकते. हे दोन्ही एका दमात बोलता आलं पाहिजे. टियानाला चांगला खलनायक मिळायला हवा होता, असं म्हणणारा माणूस तिच्या बाजूचाच आहे की!

आता फ्लोरिडातून बाहेर पडू, कारण बाहेर चित्र एकदम वेगळं आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हाँगकाँगला अख्खं अरेंडेल उघडलं. पुढच्याच महिन्यात शांघायला झूटोपिया शहर. जून २०२४ मध्ये टोकियोला 'फँटसी स्प्रिंग्ज'. त्यात फ्रोझन, टँगल्ड आणि पीटर पॅन, खर्च सुमारे ३२० अब्ज येन. मे २०२५ मध्ये फ्लोरिडातच, पण स्पर्धक युनिव्हर्सलने 'एपिक युनिव्हर्स' हे नवं पार्क उघडलं, त्यात 'हाउ टू ट्रेन युवर ड्रॅगन'चं अख्खं बेट आहे. सगळं आयपीच. सगळी कार्टूनंच. आणि तेच चाहते, जे नॉर्वेसाठी रडले होते, ते या जागांचे व्हिडिओ बघून वेडे झाले. आणखी मागचं उदाहरण घ्या. कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर हे पार्क २००१ मध्ये उघडलं तेव्हा त्यात कार्टूनं जवळजवळ नव्हतीच, आणि लोकांनी ते "स्वस्तातलं" म्हणून झोडपलं. त्याला जीव आला २०१२ मध्ये, कार्स लँड उघडल्यावर. म्हणजे आयपीने पार्क वाचवलं!

मग फरक काय? कार्स लँड बांधलं ते पार्किंगच्या जागेवर. फँटसी स्प्रिंग्ज पार्कच्या वाढीव जागेवर. हाँगकाँग आणि शांघायचे विभागही वाढीव जागेवरच. एपिक युनिव्हर्स तर अख्खंच नवं. तिथे कुणाचा टोड मेला नाही, कुणाची बोट बुडाली नाही.

आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकात 'मिस्टर इंडिया'ची राइड आली तेव्हा कुणी बोंब मारली नाही, कारण पार्कच नवं होतं. आधी तिथे दुसरं काही असतं, ज्यात तुम्ही लहानपणी आजोबांबरोबर बसला होता, तर गोष्ट वेगळी झाली असती.

या पार्श्वभूमीवर सध्याचं सगळ्यात मोठं भांडण बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये डिस्नेने जाहीर केलं की मॅजिक किंगडममध्ये कार्सचा विभाग येणार. त्याच्या वर्षभर आधी कंपनीने सांगितलंच होतं की दहा वर्षांत पार्क आणि जहाजांच्या व्यवसायात सुमारे ६० अब्ज डॉलर घालणार. पैसे आहेत, जमीन तर प्रचंड आहे. तरी कार्ससाठी जागा निवडली ती कुठली? पार्कच्या पोटातली नदी. १९७१ पासूनची. तिच्यात तीन मजली वाफेची बोट फिरायची, खरं वाफेचं इंजिन, मागे गोल फिरणारं वल्ह्यांचं चाक. मधे टॉम सॉयरचं बेट, तराफ्याने जायचं. ६ जुलै २०२५ हा शेवटचा दिवस. मग पाणी काढलं आणि खोदकाम सुरू.

माझी हॉस्टेलची रूममेट टॅम्पाला असते. तिच्याकडे वर्षाचा पास आहे. तिचे आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी गेले होते, आणि अमेरिकेत गेलेल्या प्रत्येक मराठी आई-बाबांप्रमाणे त्यांनाही डिस्ने दाखवायला नेलं. काकूंचे गुडघे दुखतात, काकांना चक्कर येते. रोलर कोस्टर नाही, अंधारातली राइड नाही, उडीबिडी तर नाहीच. ऊन म्हणजे भाजून काढणारं. ती म्हणाली, "अगं, दोघं त्या बोटीत चढले आणि उतरेचनात. तीन फेऱ्या मारल्या. बाबा म्हणाले, हे बघ, याला म्हणतात फिरणं." सुमारे पाऊण-एक तास सावली, वारा, पाणी. रांग जवळपास नाही. बोट बंद होणार कळल्यावर ती एकटीच जाऊन शेवटची फेरी मारून आली.

आता हे डॅशबोर्डवर कसं दिसतं? मी पोटासाठी असेच डॅशबोर्ड बनवते, त्यामुळे मला नीट माहितीये. बोट: रांग शून्य, म्हणजे मागणी कमी. बेट: अंधार पडायच्या आत बंद, म्हणजे वापर कमी. जागा: प्रचंड. निष्कर्ष: काढून टाका. प्रत्येक ओळ खरी आहे! पण काकूंचे गुडघे कुठल्याच कॉलममध्ये नाहीत. नदीमुळे रात्री पार्कच्या त्या कोपऱ्यात जो काळोख आणि शांतता असायची, तिचं मोजमाप कुठलाच सेन्सर करत नाही. ज्या जागेत काही "करायचं" नसतं त्या जागेचा फायदा बाकीच्या सगळ्या जागांना होतो, आणि तो तिच्या खात्यावर कधीच जमा होत नाही.

समोरच्या बाजूचं म्हणणंही ऐकू या, ते पोकळ नाही. मॅजिक किंगडममध्ये गर्दी भयंकर असते, राइड हव्यातच. आयुष्यात एकदाच येणाऱ्या, कर्ज काढून येणाऱ्या कुटुंबाला पन्नास वर्षं जुन्या बोटीची माया का असावी? सहा वर्षांच्या मुलासाठी मॅक्वीन हाच पायरेट्स. आणि स्वतः वॉल्ट डिस्ने म्हणून गेले की जगात कल्पनाशक्ती शिल्लक आहे तोवर डिस्नेलँड पूर्ण होणार नाही. हे वाक्य तर बदल हवा असणाऱ्यांचं ब्रह्मास्त्र आहे. प्रत्येक वादात निघतं. फक्त एक विसरतात, ते पूर्ण न होण्याबद्दल बोलले होते. पूर्ण न झालेल्या घरावर मजला चढवता येतो, त्यासाठी ओसरी पाडायलाच लागते असं नाही.

माझंही मन सरळ नाहीये यात. हॉलिवूड स्टुडिओज पार्कमधला मपेट्सचा थ्रीडी खेळ जून २०२५ मध्ये बंद झाला. जिम हेन्सन यांच्या हातून झालेल्या शेवटच्या कामांपैकी ते एक. ते १९९० मध्ये गेले, खेळ १९९१ मध्ये उघडला. ते थिएटर गेल्याचं मला वाईट वाटतं. आणि त्या जागी काय येतंय? 'मॉन्स्टर्स इंक'मधल्या त्या अफाट दारांच्या गोदामातली, लटकत जाणारी कोस्टर. सिनेमात तो प्रसंग बघितल्यापासून मला ती राइड हवी आहे! लाखो लोकांना हवी आहे. हेन्सनच्या थिएटरवर नको, एवढंच.

आयपी नको म्हणणाऱ्यांना मी आणखी एक विचारेन: तुमची मूळ कल्पनेतली राइड सांभाळली तरी जाते का? 'एक्स्पिडिशन एव्हरेस्ट' २००६ मधली, कुठल्याही सिनेमाशिवाय, हिमालय, गोम्पा, प्रार्थनेच्या पताका, आणि शेवटी अंगावर झेपावणारा अवाढव्य यती. उघडल्यावर काही महिन्यांतच यती हलायचा थांबला. मग त्याच्यावर डिस्कोसारखे लुकलुकणारे दिवे सोडले, म्हणजे हलतोय असं वाटावं. चाहत्यांनी त्याचं नाव ठेवलं 'डिस्को यती'. हा बग किती वर्षं उघडा राहिलाय, हिशोब तुम्हीच करा. नवीन फीचरला बजेट असतं, जुन्या तिकिटाला नसतं. सगळ्या कंपन्या एकाच मुशीतल्या!

कार्सच्या नव्या विभागाला डोंगराळ राष्ट्रीय उद्यानाचं रूप देणार आहेत, पिस्टन पीक असं नाव. चित्रांमध्ये झाडं आहेत, धबधबे आहेत, उसळणारं गरम पाणी आहे. चित्रांत सगळंच असतं म्हणा. उघडेल त्या रात्री मी व्हिडिओ बघणार, झोप गेली तरी चालेल, आणि राइड भारी असेल तर भारी म्हणणार. रूममेटला मात्र आत्ताच सांगून ठेवलंय: तू रांगेत नंतर उभी राहा, आधी बघ, काकू-काकांना बसायला सावलीतली जागा कुठे ठेवलीये. ती म्हणाली, "ठेवली असेल तर फोटो पाठवते."

तुमच्या लहानपणच्या एखाद्या जागेवर असं काही बांधलं गेलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांच्या आत, प्लीज. मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती.